फडक्यातली भाकर

हल्ली पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत भाकरी-ठेचा मोठ्या कौतुकानं वाढतात. 2023 हे तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' असं भारी नाव मिळालं. चांगलंच आहे. पण आपल्या नांदूरघाट पट्ट्यातल्या माणसाला हे ऐकून थोडं हसू येतं अन् थोडा रागही.

बालाघाटच्या डोंगरात भाकर ही हौसेची गोष्ट कधीच नव्हती. मुरमाड, हलकी रानं, पावसाचा भरवसा नाही. कामाला निघालं की फडक्यात दोन भाकरी, त्यावर ठेचा नाहीतर कारळाची, जवसाची चटणी, अन् बुक्कीनं फोडायला एक कांदा. चटणीवर तेल पडलं तर त्या दिवशी चैन. कोरड्यास असलंच तर घट्ट बेसन, कारण पातळ काही फडक्यात बांधता येत नाही. (गरिबाचं जेवण कोरडं का, तर डबाच नव्हता!)

1972 ला ज्वारीही गेली. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या लोकांच्या फडक्यात अमेरिकेतून आलेल्या मिलोची लाल भाकर होती, कामावर सुकडी मिळायची. मिलोचं नाव काढलं की जुनी माणसं आजही तोंड वाकडं करतात. पण त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला राज्याचा कायदा झाला.

मला नुसत्या आठवणी काढायच्या नाहीत. दिवाळीच्या आगंमागं आजही केज, धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वाड्या-वस्त्यांतून कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बाई पहाटे तीन-चारला उठते, कोपीपुढं तीन दगडांच्या चुलीवर दोन्ही वक्ताच्या भाकरी करते, फडक्यात बांधते, अन् मग दिवसभर मोळ्या वाहते. हिशेब टनावर होतो. भाकरी थापल्या त्या दोन तासांचा हिशेब कुठंच नाही. गडी तेवढा वेळ झोपलेला असतो, हेही आपल्यात बोललं पाहिजे.

दहा रुपयांची शिवभोजन थाळी 2020 ला सुरू करता आली. मग टोळ्या उतरतात त्या तळावर सामायिक स्वयंपाकघर का नको? खर्च कारखान्यानं अन् सरकारनं वाटून घ्यावा. कुणी म्हणेल, बायांना स्वतःच्या हातचंच लागतं. बायांनाच विचारा की! दुसरं, रेशन कार्ड आता कुठंही चालतं म्हणतात. पण उसात राबणारा माणूस परक्या गावात दुकान हुडकत कधी फिरणार? धान्य तळावर आणून द्या, अन् गहू-तांदळाबरोबर ज्वारीही द्या.

यंदा उचल घेताना मुकादमाला रकमेआधी एवढं विचारा, तळावर पाणी, उजेड अन् भाकरीची सोय काय आहे? काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.