आधी डोंगर, मग गाडी

मागच्या वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनात आम्ही काही जणांनी मिळून रेल्वेचं एक मॉडेल मांडलं होतं. आठ बाय चार फुटांचं प्लाय, त्यावर लंबगोल रूळ, एक बोगदा आणि बोगद्यावर डोंगर. गाडी बोगद्यात शिरली की लहान मुलं टाळ्या वाजवायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली की परत टाळ्या. पुढं पाटी होती : ‘दूधसागर घाट’. डोंगराचं काम माझ्याकडं होतं. आणि त्या डोंगराच्या शेंड्यावर मी कापसाचा बर्फ लावला होता.

होय, दूधसागरवर बर्फ. उतारावर बाटली धुवायच्या ब्रशापासून केलेली सूचिपर्णी झाडंही होती. दोन दिवसांत शेकडो लोकांनी ते पाहिलं, फोटो काढले. बेळगावात राहणाऱ्या, लोंढ्यावरून गोव्याला जाणाऱ्या, दर पावसाळ्यात खिडकीला नाक लावून तो धबधबा बघणाऱ्या आम्हां कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही. डोंगर कसा करायचा हे मी व्हिडिओ बघून शिकले होते आणि त्या व्हिडिओंतला डोंगर तसाच होता.

यंदा तेच मॉडेल परत मांडायचं घाटतंय. डोंगर माळ्यावर आहे, धूळ झटकली की काम झालं, असं बहुतेकांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. तो डोंगर मोडून नवा करायला हवा. वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण डोंगर बांधताना आणि लिहिताना प्रश्न एकच असतो : सगळं मावणार नाही, तर गाळायचं काय?

आधी हिशोब बघू. आमचं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. दूधसागरची उंची साधारण 310 मीटर सांगतात. 87 नं भागलं तर साडेतीन मीटरहून जास्त, म्हणजे पावणेबारा फूट. तेवढं आमच्या वर्गाचं छतही उंच नाही. कॅसल रॉक ते कुळे हा घाट सुमारे 26 किलोमीटरचा. एचओ मापात तो जवळपास 300 मीटर होईल. तेव्हा घाट जसाच्या तसा कुणालाच करता येत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला ‘मिनियाटुर वुंडरलांड’ नावाचं जगप्रसिद्ध मॉडेल रेल्वे प्रदर्शन आहे, 2001 साली सुरू झालेलं. तिथल्या मॅटरहॉर्न शिखराची उंची सहा मीटरच्या आसपास आहे. तो डोंगर काटेकोर मापात करायचा तर पन्नास मीटरच्या वर गेला असता. म्हणजे ज्यांच्याकडं पैसा आणि जागा दोन्ही आहे, त्यांनाही डोंगर आवळावाच लागतो.

गाळण्याला माझा विरोध नाहीच. आम्ही गाळलं काय आणि ठेवलं काय, यावर माझं म्हणणं आहे.

हे मला कळलं ते आजोबांमुळं. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मीटरगेज होतं तेव्हापासून ते घाटात गँगमन होते. पुढं कीमन झाले, आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं तेव्हाही त्याच घाटात होते. गुडघे गेल्यामुळं आता ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पप्पा त्यांना रिक्षातून घेऊन आले. मी मोठ्या उत्साहानं गाडी सुरू केली. गाडी दोनदा फिरली. आजोबा गाडीकडं बघतच नव्हते. वाकून डोंगराच्या पायथ्याशी काहीतरी शोधत होते. मग म्हणाले, “बाय, उदक खंय वता गो?”

पाणी कुठं जातं? मला वाटलं ते धबधब्याबद्दल विचारताहेत. मी कापसाचा धबधबा दाखवला. त्यांनी मान हलवली. त्यांना धबधबा दिसला होता. डोंगरावर पडलेलं बाकीचं पाणी रुळांवर न येता कुठून जातं, हे ते विचारत होते. माझ्या डोंगरात गटार नव्हतं. कटिंगच्या वर पाणी वळवायचा चर नव्हता. भिंतीला पाणी गळायची भोकं नव्हती. ते हसून म्हणाले, हा डोंगर पहिल्या पावसात रुळावर येईल.

बर्फाबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बहुतेक माझी कीव आली असावी.

त्या रात्री त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी विचारलंच नव्हतं. पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त असते. पेट्रोलमन हातात दिवा, खांद्याला पिशवी, पिशवीत शिट्टी आणि रुळावर ठेवायचे फटाके घेऊन ठरलेला पट्टा चालत जातो. दरड आलेली दिसली, रुळाखालची खडी वाहून गेलेली दिसली, तर गाडीच्या दिशेनं पळत जाऊन रुळावर फटाके बांधायचे. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. दरड येण्याच्या ठिकाणांवर वेगळा पहारेकरी. त्याची छोटी झोपडी, झोपडीत शेगडी.

हे काही जुन्या काळातलं राहिलेलं नाही. 23 जुलै 2021 ला याच घाटात, दूधसागर आणि सोनावळी या स्टेशनांच्या मधे, दरड कोसळून मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी रुळावरून घसरली. कोकण रेल्वेवर अडचण आली म्हणून ती या घाटातून वळवलेली होती. डोंगर अजून जिवंत आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसंही अजून तिथंच आहेत.

आमच्या मॉडेलमध्ये इंजिन होतं, डबे होते, सिग्नल होता, स्टेशनवर प्रवासी होते. डोंगर सांभाळणारा एकही माणूस नव्हता. एचओ मापात माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा असतो. जागा नव्हती, असं आम्ही म्हणूच शकत नाही.

मित्राचं म्हणणं असं, की अगं, हे खेळणं आहे. लोक गाडी बघायला येतात, गटार बघायला नाही. त्याचं एक म्हणणं मला मान्य आहे. छोट्या टेबलावर रूळ इतके वाकवावे लागतात की ते वळण लपवायला बोगदा लागतोच. डोंगराचा हा उपयोग जगभर केला जातो, त्यात पाप नाही. पण मग डोंगर हे नुसतं झाकण होऊन बसतं. आधी रूळ टाकायचे, मग उरलेल्या जागेत थर्माकोलचा उंचवटा ठेवायचा. खऱ्या घाटात उलटं झालं होतं. डोंगर आधीच होता. गोव्यात पोर्तुगीज आणि कॅसल रॉकला इंग्रज असताना, 1888 साली, मोरमुगाव बंदरापासून घाट चढून गाडी सुरू झाली. त्या रुळांना डोंगराच्या कलानं घ्यावं लागलं. प्रत्येक वळण डोंगरानं घ्यायला लावलेलं आहे.

या घाटाचा चढ 37 ला 1 आहे. म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. कुळ्याहून वर येताना गाडीला जादा बँकर इंजिनं जोडावी लागतात, इतका तो अवघड. पण आमच्या आठ फुटी टेबलावर हा चढ किती होतो माहितीय? अडीच इंचांहून थोडा जास्त. बस्स. बघणाऱ्याला तो चढ वाटणारही नाही. मग घाट वाटावा म्हणून आपण काय करतो, तर डोंगराचा शेंडा उंच करत नेतो आणि शेवटी त्यावर बर्फ ठेवतो.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जॉन ॲलन नावाचे मॉडेल रेल्वेवाले होऊन गेले. 1973 साली ते वारले आणि थोड्याच दिवसांत आगीत त्यांचं मॉडेलही गेलं, पण फोटोंमुळं आजही लोकांना ते माहीत आहे. त्यांनी डोंगर टेबलावर ठेवले नाहीत. ते जमिनीपासून छतापर्यंत नेले. गाडी त्यांच्या मधून जायची, खाली खोल दरी. दूधसागरला तर हेच आहे! पूल धबधब्याच्या मधोमध. पाणी गाडीच्या वरून येतं, पुलाखालून जातं आणि खाली पडतच राहतं. तेव्हा टेबलाच्या पुढच्या बाजूचं प्लाय कापून काढावं आणि डोंगर खाली, टेबलाच्या पायांपर्यंत उतरवावा. शेंडा दिसायची गरजच नाही. गाडी लहान दिसली की डोंगर आपोआप मोठा होतो.

आणि दुसरा प्रश्न : डोंगर कोणत्या महिन्यातला? आपला डोंगर जुलैत वेगळा, ऑक्टोबरात वेगळा, एप्रिलात तर ओळखू येत नाही. महिना ठरवला की रंग ठरतात, धबधब्याची जाडी ठरते, माणसांच्या हातात छत्री की नाही हेही ठरतं. मी जुलै म्हणेन. जुलैत गस्त असते.

साहित्य महाग आहे, ही तक्रार मला पटत नाही. आमच्या गल्लीत दिवाळीला मुलं किल्ला करतात, दगड-मातीवर पोतं टाकून, वर लाल मातीचा लेप देऊन, अळीव पेरून. डिसेंबरात आमच्या घरी नाताळचा गोठा होतो. त्याचे डोंगर खाकी कागद चुरगळून, त्यावर रंग मारून केलेले. मी दोन्हीकडं लहानपणापासून हात घाण केलेत. तरीही मॉडेल करायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात यातलं काही आलं नाही. हे मला स्वतःलाच विचारावंसं वाटतं, का?

पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, तिच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकली तर किडे लागत नाहीत, बाइंडिंगवाले तसंच करतात. (मोरचूद विषारी असते, हात धुवा.) वरून औषधाच्या दुकानातलं प्लास्टरचं बँडेज. कड्यांसाठी चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये प्लास्टर ओतायचं, सुकलं की फॉइल सोलायचं. अगदी पातळ काळा रंग वरून सोडला की तो भेगांत जाऊन बसतो, आणि कोरड्या ब्रशानं फिका रंग नुसता घासला की कडा उठून येतात. माती आपलीच, चाळलेली, फेव्हिकॉलच्या पाण्यानं चिकटवलेली. झाडांसाठी जुना स्पंज मिक्सरमध्ये बारीक करायचा. (आईला विचारून.)

किल्ल्यावर मावळे असतात, गोठ्याच्या डोंगरावर मेंढपाळ असतात. या दोन्ही डोंगरांवर कुणीतरी राहतं, कुणीतरी रात्रभर जागं असतं. बेथलेहेमची बातमी पहिल्यांदा कळली तीही रात्री राखण करणाऱ्यांनाच. रेल्वेचा डोंगर मात्र आम्ही रिकामा ठेवला, कारण तो आम्हांला नुसता ओलांडायचा होता.

परीक्षेच्या आदल्या रात्री आपण कादंबरीचा सारांश वाचतो. त्यात नायक असतो, कथानक असतं, शेवट असतो. नायकाला पाणी आणून देणारी बाई त्यात नसते. मार्क मिळतात, पण कादंबरी वाचून होत नाही. मागच्या वर्षीचा आमचा डोंगर हा असाच सारांश होता.

म्हणून यंदासाठी माझं मागणं साधं आहे. गाडी एकच असली तरी चालेल. बोगदा एकच असला तरी चालेल. पण कटिंगच्या वर चर हवा, भिंतीला भोकं हवीत, आणि पुलाच्या अलीकडं दोन सेंटीमीटरचा एक माणूस हवा, हातात दिवा घेतलेला. दिव्यासाठी पिवळा एलईडी माझ्याकडं आहे.

मंडळाची बैठक शुक्रवारी आहे. बाकीच्यांचं मत काहीही पडो, कापूस मी काढून टाकलाय. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, झोपडी डाव्या बाजूला कर, उजवीकडून दरड येते.