ठिणगी कुठे अडली?

आमच्या उधन्याच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक क्रीम रंगाची पद्मिनी उभी असते. १९८६चं मॉडेल, गिअर स्टिअरिंगपाशी. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही पाच जण आणि लोणच्याची बरणी हिच्यात बसून गावी जायचो. बारडोली, व्यारा, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि साक्रीवरून धुळं. घाटात गाडी तापली की पप्पा बॉनेट उघडून फ्यूएल पंपावर ओला कपडा टाकायचे आणि आम्ही झाडाखाली दशम्या खायचो.

तरुण वाचकांसाठी थोडी ओळख. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवली. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' होती, सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसी. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली.

आमचीही जवळजवळ गेलीच होती. होळीपासून एकच तक्रार होती: सकाळी झटक्यात सुरू व्हायची, वीस मिनिटं छान चालायची आणि तापली की बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. दोन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. एक म्हणाला, "साहेब, हवे आ काम कोई नथी करतुं." आता गाडीला लॅपटॉप लावतात आणि तो चूक सांगतो. हिला लॅपटॉप लावायची सोयच नाही.

मी बीई, रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. म्हटलं, आपणच बघू. नवी कॉइल मागवली. फरक नाही. मग प्लग बदलले, मग प्लगच्या वायरी. वायरी लावताना क्रम चुकला आणि सायलेन्सरमधून असा बार उडाला की वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. पप्पांनी त्या संध्याकाळी भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी येतो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. चालतात, बोलतात, पण उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर ठरत नाही. तेव्हापासून बॉनेटला त्यांनी हात लावला नव्हता. पण त्या रविवारी ते स्वतःहून खाली आले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काय काय बदललंस?"

मी यादी सांगितली.

"यातलं खराब काय होतं, ते माहीत होतं?"

"नाही."

"मग बदललंस कशाला?"

ऑफिसात नव्या मुलांना मी नेमकं हेच विचारतो. गप्प बसलो.

जुन्या गाडीचं इग्निशन मुळात साधं असतं. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात आणि तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंट्समधून जमिनीला, म्हणजे गाडीच्या बॉडीला. पॉइंट्स म्हणजे उघडझाप करणारा छोटा स्विच. तो बंद असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तो उघडला की क्षेत्र एकदम कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. रोटर ते एकेका प्लगकडे वाटतो, क्रम १-३-४-२. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हा स्विच सेकंदाला शंभर वेळा उघडतो.

पप्पांनी सांगायचं आणि मी करायचं, असं ठरलं. गाडी चालू ठेवली. अठराव्या मिनिटाला बंद पडली.

"आता गरम आहे तोवर बघ. थंड झाल्यावर काही सापडणार नाही."

एक प्लग काढला. पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचत होतं. ओल्या कपड्याचा इलाज इथे चालणार नव्हता. पेट्रोल कुठे सांडलेलं नाही ना हे बघितलं, प्लग पुसला, वायरीला लावला, रबराच्या मुठीच्या पक्कडीने इंजिनला टेकवून धरला आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी होती, पण पिवळट आणि मरगळलेली. चांगली ठिणगी निळी असते आणि 'टक्' असा आवाज करते.

मग टेस्ट लॅम्प. एक टोक कॉइलच्या मायनसला, दुसरं बॉडीला. स्टार्टर मारताना दिवा लुकलुकला, म्हणजे पॉइंट्स उघडझाप करत होते. सतत पेटलेला राहिला असता तर पॉइंट्स जुळतच नव्हते. पेटलाच नसता तर ते चिकटलेले, किंवा कॉइलपर्यंत वीजच येत नव्हती.

पुढे कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून थेट इंजिनजवळ धरली. तिथेही ठिणगी मरगळलेलीच. म्हणजे कॅप आणि रोटर निर्दोष, दोष त्यांच्या आधीच. उरले दोघे, कॉइल आणि कंडेन्सर. कॉइल दोन झाल्या होत्या आणि दोन्हींना तोच आजार. दोन्ही खराब निघणं कठीण.

"आता कॅप काढून पॉइंट्सकडे बघ."

स्टार्टर फिरला आणि पॉइंट्सच्या मध्ये निळी पांढरी फटफट दिसली. प्लगवर हवी ती आग इथेच जळत होती. पॉइंट्स उघडताना करंट फटीतून उडी मारू बघतो. तो शोषून घ्यायचं काम कंडेन्सरचं. तो गरम झाल्यावर दगा देत होता. गेल्या दिवाळीला सर्व्हिसिंगमध्ये नवा टाकला होता. नवा म्हणून माझा त्याच्यावर संशयच गेला नाही.

"डिकीत बिस्किटाचा डबा आहे बघ."

डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना कंडेन्सर होता. सर्व्हिसिंगला दिलं की काढलेले सुटे भाग पप्पा परत मागून घेतात. मला तो कंजूसपणा वाटायचा. तो बॅकअप होता.

एक स्क्रू आणि एक वायर, पाच मिनिटांचं काम. गाडी चाळीस मिनिटं चालू ठेवली. बंद पडली नाही.

तुमच्याकडे आजोबांची एखादी जुनी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बिघाड ज्या अवस्थेत होतो त्याच अवस्थेत तपासा. काढलेला चालू भाग फेकू नका. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका, कॉइल तापते. आणि ठिणगी बघताना हात कोरडे ठेवा. तो झटका गमतीचा नसतो.

संध्याकाळी आम्ही कडोदऱ्यावरून बारडोलीपर्यंत जाऊन आलो. पप्पा शेजारी बसून इंजिन ऐकत होते. येताना एकदाच बोलले, "टायमिंग थोडं पुढे आहे. पुढच्या रविवारी बघू."

सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा फोन आला. पप्पांनी नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच सांग त्याला."