श्रेयांकांची पदवी आणि माकणीची मुले

पदवी शिक्षणाची चौकट बदलली आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील बहुसंख्य पालकांना या बदलाची पहिली वार्ता लागली ती मुलामुलींच्या हाती पडलेल्या अनोळखी गुणपत्रिकेवरून. केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. महाराष्ट्रात ते २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत व विद्यापीठांच्या विभागांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. बारावीनंतर बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला जाणारे मूल आता तीन वर्षांच्या एका सलग अभ्यासक्रमात प्रवेश घेत नाही. ते श्रेयांक जमवू लागते.

श्रेयांक म्हणजे शिकण्याच्या तासांचे माप. सत्रभरात वर्गातील १५ तासांचा एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांचा एक. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक मिळवायचे असतात. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४ श्रेयांक झाले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर १२० ते १३२ श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर १६० ते १७६ श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या राष्ट्रीय खात्यात जमा राहतात. मध्येच शिक्षण सोडले तरी ते वाया जाऊ नयेत, अशी ही योजना आहे.

क्रेडिट हा शब्द लॅटिन भाषेतील ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे, या क्रियापदापासून आला आहे. रविवारच्या मिस्सामध्ये आपण जो श्रद्धांगीकार करतो त्याचा पहिला लॅटिन शब्द ‘क्रेदो’ याच कुळातला. विद्यार्थ्याने केलेल्या अभ्यासावर दुसऱ्या विद्यापीठाने विश्वास ठेवावा, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. ती आपल्याला सर्वस्वी परकीही नाही. बोलोन्या येथे १९९९ मध्ये २९ युरोपीय देशांनी पदव्यांची सुसंगत रचना करण्याचे ठरवले; २००३ मध्ये पवित्र धर्मपीठ त्या प्रक्रियेत सहभागी झाले आणि रोममधील परमधर्मपीठीय विद्यापीठांत तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचा अभ्यासही श्रेयांकांत मोजला जाऊ लागला. म्हणून या धोरणाकडे केवळ संशयाने पाहणाऱ्यांत आम्ही नाही. तथापि एखादा नियम पुण्यामुंबईत जसा दिसतो तसाच तो तेरणाकाठी दिसतो का, हे पाहिल्याविना त्याचे मोल ठरवू नये. त्यासाठी आम्ही लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव समोर ठेवतो.

माकणी तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणामुळे सर्वपरिचित आहे. गावात वरिष्ठ महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय. धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. धाराशिवला उपकेंद्र आहे, तरी मोठे काम निघाले की लांबचा प्रवास ठरलेलाच. पलीकडचे किल्लारी गाव लातूर जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत. आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्याला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. वडिलांना लातूरला काम मिळाले किंवा मुलगी सोलापूरला मावशीकडे राहायला गेली की विद्यापीठ बदलते. पूर्वी अशा बदलात स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, विषयांची समकक्षता असे एकामागून एक कागद गोळा करावे लागत, आणि अनेकांचे वर्ष त्यातच जाई. श्रेयांकांचे हस्तांतर खरोखर सुरळीत झाले, तर त्याचा लाभ तीन विद्यापीठांच्या सांध्यावर राहणाऱ्या या पट्ट्याला इतर कुणाहूनही अधिक होईल.

दुसरा लाभ सांगताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावांवर कोसळलेल्या त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात असलेली जी मुले घर उभे करण्यासाठी शिक्षण सोडून गेली, त्यांच्या पदरी ‘प्रथम वर्ष उत्तीर्ण’ एवढ्या एका ओळीपलीकडे काही उरले नाही. पुढे परतायचे म्हटले तर अभ्यासक्रम बदललेला. संकट कोसळले तरी शिकलेले जमेस राहावे, हा विचार ज्याने प्रथम मांडला त्याला आम्ही धन्यवादच देऊ.

मग अडते कोठे? प्रथम निवडीच्या बाबतीत. नव्या रचनेत विद्यार्थ्याने एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, आपल्या विद्याशाखेबाहेरचा एखादा विषय, शिवाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प व प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण अशा अनेक टोपल्यांतून वेचायचे आहे. वेचण्यासाठी टोपलीत काही असावे लागते. ग्रामीण भागातील लहान महाविद्यालयांत कित्येक विषयांना एकच प्राध्यापक असतो, आणि तोही पुष्कळदा तासिका तत्त्वावर. तेथे ‘निवड’ म्हणजे जो शिक्षक उपलब्ध आहे त्याचा विषय. ‘स्वयम्’ या राष्ट्रीय ऑनलाइन मंचावरून एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येतात, हे खरे. पण तेथील बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत आणि आपली मुले दहावी-बारावी मराठीतून झालेली. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे ४ श्रेयांक म्हणजे १२० तासांचे काम. शहरात कारखाने व बँका असतात. माकणीच्या विद्यार्थ्याला पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, शाळा, फार तर सास्तूरचे ग्रामीण रुग्णालय एवढाच वाव. तेवढाही वाव कल्पकतेने वापरता येईल. मात्र त्यासाठी कुणीतरी या संस्थांच्या दारी आधी जाऊन बोलले पाहिजे.

जॉन हेन्री न्यूमन यांना पोप लिओ चौदावे यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिन येथे विद्यापीठाविषयी जी व्याख्याने दिली, त्यांत ज्ञानाच्या शाखा परस्परांशी जोडलेल्या असतात आणि त्यांतील नाते विद्यार्थ्याला उमगणे हेच शिक्षण, असा आग्रह आहे. अनेक टोपल्यांतून दोन-दोन श्रेयांक वेचणाऱ्या विद्यार्थ्याला हे नाते कोण दाखवणार? ही चिंता मात्र शहरातल्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. माकणीची खरी अडचण तिच्यापुढे आहे.

ती आहे बाहेर पडण्याच्या दारांची. पहिल्या वर्षानंतर मिळणारे प्रमाणपत्र हाती घेऊन मूल कोठे जाणार, हा प्रश्न पालकांनी विचारावा. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीला बारावी उत्तीर्ण असणे पुरते. अंगणवाडी सेविकेसाठीही बारावीच लागते. तलाठी व्हायचे तर पदवी हवी, आणि राज्यसेवा परीक्षेलाही पदवीच. बारावी आणि पदवी यांच्यामध्ये आपल्या मुलांच्या परिचयाच्या सरकारी नोकऱ्यांच्या शिडीला पायरीच नाही, बी.ए.चे एक वर्षाचे प्रमाणपत्र त्या मधल्या पोकळीत लोंबकळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांची गोष्ट निराळी असू शकेल. परंतु इतिहास किंवा मराठी घेऊन एका वर्षाने बाहेर पडणाऱ्याला ते प्रमाणपत्र बारावीच्या फारसे पुढे नेत नाही. पूर्वी शिक्षण सुटले की घरात हळहळ होई आणि शिक्षक दाराशी येऊन समजूत घालत. आता त्याच घटनेला ‘निर्गमन’ असे सन्माननीय नाव मिळाले आहे. आमची भीती ही की, या नावामुळे ती हळहळही मावळेल.

शिवाय हे निर्गमनही वाटते तितके सोपे नाही. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायचे तर नेहमीच्या श्रेयांकांखेरीज ४ श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि त्यासाठी बहुधा उन्हाळ्याची सुट्टीच उरते. आपल्याकडे लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत. पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मे महिन्यात बोहल्यावर उभी राहणारी मुलगी हे ४ श्रेयांक केव्हा पूर्ण करणार? तिच्या खात्यात ४० श्रेयांक असतील, हाती प्रमाणपत्र मात्र नसेल.

शेतीच्या आणि ऊसतोडीच्या वेळापत्रकाचेही तसेच आहे. पहिले सत्र संपत येते तेव्हा सोयाबीनची काढणी चालू असते. दिवाळीनंतर जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्णच बुडते. अशा घरातला मुलगा पहिल्या सत्राचे २२ श्रेयांक मिळवतो. दुसऱ्या सत्राचे एकही नाही. बाहेर पडण्याचे दार मात्र दोन सत्रांनंतरच उघडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांत वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा आहे. पदवीचा काळ दोन सत्रांपर्यंत लांबवून दर सत्रात कमी श्रेयांक घेण्याचीही सोय आहे. ऊसतोड कुटुंबातील मुलांसाठी ही दुसरी तरतूद मोलाची ठरू शकते. दुर्दैवाने आपल्याकडे तिचा बोलबाला होत नाही; चर्चा होते ती तीन वर्षांची पदवी लवकर उरकण्याची.

परतीच्या वाटेविषयी नियम सांगतो की, बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परत यावे आणि प्रथम प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पूर्ण करावी. वरवर पाहता हा पुरेसा अवधी आहे. पण परतणाऱ्याला बोलावणार कोण? बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचा शोध घेणे हे कुणा एकाचे नेमून दिलेले काम नाही. परत येण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर आहे. तिच्याबरोबर शुल्काचाही प्रश्न येतो. शिष्यवृत्त्यांच्या योजनांना शिक्षणातील खंडाविषयी स्वतःच्या अटी असतात, आणि त्या श्रेयांकांच्या नियमांशी जुळतीलच असे नव्हे. आपल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांना तर याची झळ अधिक. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागास वर्गात होते. म्हणजे दोन चुलत भावंडांपैकी एकाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला निराळ्या योजनेचे निराळे निकष. शिक्षण थांबवण्यापूर्वीच, परत आल्यावर शुल्काचे काय, हे या घरांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

आणखी एक बाब क्षुल्लक वाटेल, पण आमच्या मते तीच पुष्कळांना अडवील. श्रेयांकांचे खाते डिजिलॉकरमार्फत उघडते आणि आधारशी जोडलेले असते. आधारवरील नाव व महाविद्यालयातील नाव जुळले नाही, तर श्रेयांक खात्यात उतरण्यास अडथळा येतो. आपल्या कुटुंबांत एकाच व्यक्तीची किती नावे असतात हे वाचक जाणतातच: बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे, आणि आडनावाचे स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर पतीचे नाव व आडनाव यांची भर पडते. तिने आधार बदलून घेतले असेल आणि श्रेयांक माहेरच्या नावाने पडून असतील, तर नियमाने दिलेली तीन वर्षे कचेऱ्यांच्या चकरांतच जातील. त्यातून मोबाइल क्रमांकही बहुधा वडिलांचा दिलेला असतो. ओटीपी येतो तो माकणीच्या फोनवर, आणि मुलगी असते सासरी.

धर्मग्रामांनी आता काय करावे, असे आम्हांस विचारले गेले आहे. जून महिन्यात प्रवेश सुरू होण्यापूर्वी एका रविवारी मिस्सानंतर अर्धा तास काढून पालकांना हे सारे मराठीतून समजावून सांगता येईल. धर्मग्रामातील कोणती मुले गेल्या तीन वर्षांत पदवी शिक्षण सोडून गेली, त्यांची यादी सिस्टर व युवक मंडळ यांनी घरभेटींतून तयार करावी. तीन वर्षांची मुदत ज्याची संपत आली असेल त्याच्या घरी प्रथम जावे. महाविद्यालयांतील ख्रिस्ती प्राध्यापकांनी लांबवलेल्या पदवीची तरतूद आपल्या विद्यापीठाने अमलात आणली आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे. ज्यांना चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स करायचे आहे त्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, हेही मुलांना प्रवेशाच्या वेळीच सांगितले जावे. संलग्न महाविद्यालयांतील २०२४ ची पहिली तुकडी तिसरे वर्ष पूर्ण करते २०२७ मध्ये, आणि तिच्यातील कुणी २०२५ च्या उन्हाळ्यात प्रमाणपत्रावर बाहेर पडले असेल, तर त्याची परतीची मुदत २०२८ मध्ये संपते.

नावांच्या दुरुस्तीचे काम त्याआधी हाती घ्यावे लागेल. मुलगी अविवाहित असतानाच तिचे आधार, शाळेचा दाखला व महाविद्यालयातील नोंद एकसारखी करून घेणे आणि खात्याला तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडणे, हे काम एका दिवसात होत नाही. दाखल्यावरील नावात फरक असेल तर राजपत्रातील जाहिरातीपर्यंत जावे लागते. त्यासाठी बाप्तिस्म्याचा उतारा लागला, तर तो धर्मग्रामाच्या कार्यालयातून त्याच दिवशी मिळावा.