आनंद बाजार

वार्षिक स्नेहसंमेलन हा प्राथमिक शाळेचा सर्वांत थाटाचा दिवस होय. मंडप, दिवे, पाहुणे, भाषणे. पाहायला सारा गाव लोटतो. महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांच्या अंगणात वर्षातून एकदा मुलांचा बाजारही भरतो. त्याला कोठे आनंद बाजार म्हणतात, कोठे बाल आनंद मेळावा. थाटाच्या बाबतीत तो संमेलनाच्या पासंगालाही पुरणार नाही. परंतु दोहोंपैकी एकच ठेवण्याची वेळ आली, तर बाजारच ठेवावा.

याचे कारण रंगमंचावर नव्हे, मंडपाच्या मागच्या बाजूस सापडते. नाचासाठी निवडलेली मुले बहुधा दरवर्षी तीच असतात. उरलेली सतरंज्या अंथरतात आणि टाळ्या वाजवतात. ज्या घराला भाड्याच्या पोशाखाचे पैसे परवडत नाहीत, त्या घरच्या मुलाचे नाव यादीतून कोणी खोडीत नाही. ते आपोआप गळते. मूल घरी सांगते, ‘मला नाचायला आवडतच नाही.’ आणि मोठी माणसे त्यावर विश्वास ठेवतात!

बाजारात असे होत नाही. मेथीच्या चार जुड्या, टोपलीभर बोरे, परसातील लिंबे, एवढ्या भांडवलावर गोणपाटाच्या तुकड्यावर दुकान मांडता येते. बोरे सात रुपयांची होतात. गिऱ्हाईक वीस रुपयांची नोट पुढे करते. वर्गात हातच्याच्या वजाबाकीला अडखळणारी मुलगी बोटांवर मोजून तेरा रुपये परत देते, कारण चूक झाली तर तोटा तिचाच आहे. चार शब्द बोलताना मान खाली घालणारा मुलगा ‘ताजी मेथी, ताजी मेथी’ असे ओरडू लागतो. 1937 साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला होता. एका दिवसाचा बाजार म्हणजे ती योजना नव्हे. पण काम करणारा हात बुद्धीलाही जागे करतो, याचा लहानसा प्रत्यय येथे येतो.

गावालाही शाळेत येण्यास हे निमित्त चांगले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरवले. दार उघडले, तरी कित्येक पालक उंबरठ्यावरच घुटमळतात. सभेत बोलण्याचा संकोच वाटतो. कोथिंबिरीचा भाव करताना कसला संकोच?

अशा बाजाराने मुले लोभी होतात, असा एक आक्षेप आहे. तो अगदीच पोकळ नाही. कोणी शहरातून खेळणी आणून दामदुप्पट भावाने विकतो; कोठे आईच पदार्थ करते, आईच विकते आणि मूल नुसते शेजारी बसते. मग तो बाजार मुलांचा राहत नाही. माल शेतातला, परसातला किंवा स्वतःच्या हातचा असावा. मोठ्यांनी गिऱ्हाईक व्हावे, इतकेच.

आता ज्याचा माल उरतो, त्याचे काय? पुष्कळदा गुरुजी दया येऊन उरलेल्या साऱ्या जुड्या स्वतः विकत घेतात. हेतू चांगला, पण उपाय चुकीचा. त्यांनी त्या मुलाशेजारी गोणपाटावर बसावे आणि विचारावे, ‘आज मेथी किती जणांनी आणली होती, बाळ?’ मुलगा मान वर करून अंगणभर पाहील, एकेक दुकान मोजील. पुढच्या वर्षी तो बहुधा आवळे आणील.