घराची जुनी घडी मोडू नका

जेवून हात धुतल्यावर आजोबांनी "आज जेवायला वाढणार नाही का?" असे विचारले, की आपण 'म्हातारचळ' म्हणून हसतो. वस्तुतः हा मेंदूचा विकार असू शकतो. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेल्या विकाराचे वर्णन जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली केले. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. मग घरच्यांच्या हाती काय उरते? माझ्या मते, खुद्द घर.

दुखणे कळले की कर्ती मुले उत्साहाने कामाला लागतात. भिंतींना नवा रंग, नवी खाट, तीही निराळ्या खोलीत! हेतू चांगला, परिणाम उलटा. या विकारात नवे ध्यानात राहत नाही, जुने मात्र बराच काळ टिकते. चाळीस वर्षे ज्या कोनाड्यात चष्मा ठेवला, तेथे हात आपोआप जातो. तो कोनाडाच बुजवला तर हाताने जावे कोठे? खाट हलवण्यापेक्षा खाटेवरून संडासाचे दार दिसेल असे पाहावे. मधला पडदा काढावा, रात्री तेथे दिवा असू द्यावा. अंथरूण ओले होते ते पुष्कळदा वाट न सापडल्यामुळे. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. तेथे खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवण्यात लाज कसली?

दारावर पाटी लावावी, पण चित्रासह. अक्षरे वाचता येऊनही अर्थ लागेनासा होतो. (आणि पाटी मराठीत असावी, एवढा आग्रह आम्हा कलाशाखेवाल्यांचा!) काळे पायपुसणे खड्ड्यासारखे भासू शकते, ते उचलावे. मोरीची आतली कडी काढावी, फिनेल कुलपात ठेवावे. आरशातला म्हातारा परका वाटून भीती वाटत असेल तरच आरशावर कापड टाकावे.

आजोबांना आत ठेवून, बाहेरून कुलूप घालून सर्वांनी कामावर जावे, हे मात्र मला मुळीच पटत नाही. आत आग लागली तर? माणूस बाहेर पडून हरवतो, हे खरे. 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित हत्तीमागून निघून जातात. विद्वत्ता येथे कामी येत नाही. त्यासाठी खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी, कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि रिक्षावाल्यांना आधीच सांगून ठेवावे. पण आपण नेमके तेच लपवतो. पाहुणे आले, की आजोबांना आतल्या खोलीत बसवतो.