पान पाहिजे, पुरावा नको

नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या सेवाभावी संस्थेला सध्या विकिपीडियाचे डोहाळे लागलेत. कारण उघड आहे, कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा सीएसआरचा पैसा. कंपनीचा माणूस आधी गूगल करतो, तिथं आपलं पान दिसलं पाहिजे! मी फुकट राबणारा, त्यात कॉम्प्युटर कळणारा. काम माझ्याच गळ्यात. "भाऊ, एवढं टाकून द्या न."

टाकून द्या! जसं काही व्हॉट्सॲपवरचं सुप्रभात.

नियम सांगितला की चेहरे उतरतात. आपल्याच संस्थेवर आपण लिहू नये. लिहायचंच तर नातं उघड करून मसुदा तपासणीला ठेवावा. बिनपगारी कार्यकर्त्यालाही यातून सूट नाही. मुख्य अट तर पुढेच. संस्थेशी काडीचा संबंध नसलेल्यांनी, भरवशाच्या ठिकाणी, सविस्तर लिहिलेलं हवं.

"कात्रणं आहेत न ढीगभर!" सचिवांनी फाइल आपटली. उघडली. ब्लँकेटवाटपाची बातमी चार पेपरांत, शब्दाला शब्द तीच, कारण पाठवली आम्हीच. 'प्रामुख्याने उपस्थित होते'च्या आधी अकरा नावं. फोटोत नगरसेवक अख्खे, ब्लँकेट घेणारी म्हातारी अर्धी कापलेली. तिचं नाव नाही. ती कुठं राहते, पुढच्या थंडीत तिचं काय झालं, कोणाला पडलेली नाही. पत्रकार भवन इथून जवळच, धंतोलीत. पण पत्रपरिषदेतला चहा पिऊन वस्तीपर्यंत जाणारा वार्ताहर मला अजून भेटायचा आहे. आम्हीही त्याला कधी बोलावलं नाही म्हणा. तो आला तर हिशेबही विचारील.

ही कात्रणं चालणार नाहीत म्हटल्यावर मग ठरलेलं रडगाणं, विदर्भावर अन्याय! अहो, याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजातल्या विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. त्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. जगानं आधी लिहिलं, विकिपीडियानं मागून नोंद घेतली. अन्याय होतो तो गाजावाजा न करता राबणाऱ्या लहान संस्थांवर, ज्यांच्याकडे कोणी फिरकतच नाही. आम्ही त्यातले नव्हे. आमच्याकडे फ्लेक्स आहेत.

आता कोषाध्यक्षांनी पानाची 'गॅरंटी' देणारी एजन्सी शोधून आणली आहे. या धंद्याचं पितळ २०१५ सालीच उघडं पडलंय. इंग्रजी विकिपीडियानं एका फटक्यात ३८१ बनावट खाती बंद केली होती. ती खाती चालवणारी टोळी पान बनवायचे पैसे घ्यायची आणि पान टिकवायचा दरमहा हप्ता वेगळा मागायची. सीताबर्डीच्या फुटपाथवर याला वसुली म्हणतात.

मी सभेत एकच मागितलं. एखाद्या पत्रकाराला दहा वर्षांचे हिशेब दाखवा, लाभार्थ्यांना भेटू द्या, आणि तो काय लिहील ते लिहू द्या. विषय पुढच्या सभेवर ढकलला. एजन्सीच्या ॲडव्हान्सचा चेक मात्र त्याच संध्याकाळी निघाला, ब्लँकेटच्या खात्यातून.