चुंबळ, चिंध्या आणि अर्जावरील नाव

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ३० किलोमीटरवर बस्सी हे तालुक्याचे गाव आहे. येथे बदलीवर आल्यानंतर एका घराच्या ओसरीत मला ओळखीची वस्तू दिसली. दोरीवर कापड गुंडाळून केलेले कडे, त्यावर गोटा आणि आरसे. येथे तिला इंडोणी म्हणतात. आपल्याकडची चुंबळच ती, केवळ सणाचे कपडे ल्यालेली!

त्याच ओसरीत त्याच युक्तीने टोपल्या व गालिचे शिवले जात होते. शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांच्या इंचभर पट्ट्या करायच्या, सुती दोरीवर तिरप्या गुंडाळायच्या आणि मध्यापासून वेटोळे घालीत प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यास शिवायचा. दोरी किंचित ताणली गेली तर गालिच्याच्या कडा वर उचलल्या जातात व तो वाया जातो. टोपली करताना मात्र हाच दोष हेतुपूर्वक घडवायचा असतो. बूड यंत्राच्या अंगाला तिरपे धरले की भिंत उभी राहू लागते. टाका दोन्ही फेऱ्यांत बसावा म्हणून तो नागमोडी हवा, आणि घरोघरचे पायाने चालणारे काळे शिवणयंत्र सरळच टाका घालते. म्हणजे हाताने शिवावे, अन्यथा नवे यंत्र घ्यावे. कर्जाची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

अशा उद्योगाचे आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून कौतुक करतो. मला हा शब्दप्रयोग अलीकडे खटकू लागला आहे. चिंधी फुकट, म्हणून ती शिवणारे हातही फुकट, असा हिशेब त्यामागे दडलेला असतो. त्या भगिनीने मला टोपलीची किंमत सांगितली, त्यात दोरी होती, दोरा होता, मजुरी नव्हती. विचारले तेव्हा म्हणाली, “वह तो घर का काम है, मैडम.” आमच्या आजीनेही गोधडीची मजुरी कधी लावली नाही, परंतु ती गोधडी बाजारात जात नव्हती. विक्रीच्या वस्तूत प्रत्यक्ष मजुरी धरली नाही, तर नफा म्हणून हाती येते ती बहुधा तिची स्वतःचीच मजुरी असते, तीही अपुरी.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणाराही आहे. (दोरी शिवून टोपली करणारीस कोणत्या रकान्यात बसवावे, हा आमच्यासारख्यांना पडणारा प्रश्न!) पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते, मात्र लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीस. तिचे पती गवंडी आहेत, आणि गवंडीकामही त्या १८ मध्ये आहे. अर्ज अर्थातच त्यांच्या नावाने करण्याचे घाटत होते.

माझे मत स्पष्ट आहे. गवंड्याजवळ थापी आणि ओळंबा आहेच. अडले आहे ते यंत्र तिचे. ज्याचे काम साधनावाचून अडते, त्याच्या नावाने अर्ज व्हावा. यंत्र तिच्या कर्जातून आले, तर हप्ता फेडण्यासाठी का होईना, आपल्या तासांची किंमत तिला धरावीच लागेल. बचत गटाचा मार्गही खुला आहेच. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हापासून तारणावाचून कर्ज घेणाऱ्या स्त्रिया बँकांना परक्या राहिलेल्या नाहीत.

गेल्या सोमवारी दोघेही शाखेत येऊन गेले. अर्जावर नाव कोणाचे, हे त्यांचे अद्याप ठरलेले नाही. मी कोरा अर्ज तिच्या हाती दिला आहे.